जादूगारांची चोरी आणि मी

गाविलगडाच्या वेढ्याबद्दल काही विचारायचं असेल, तर अख्ख्या अकोल्यात एकच दार ठोठावावं, आणि ते माझं! शाळेत इतिहास शिकवते. कोणत्या बाजूनं तोफा लागल्या, कुठला तट आधी पडला, हे मी झोपेतही सांगीन. कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझी धाकटी जाऊ प्रणाली अंजनगाव सुर्जीला असते. दिरांचा पानमळा आहे. मागच्या वर्षी तिनं जादूगारांची कादंबरी लिहिली आणि पार अमरावतीपर्यंतची पोरं तिच्या सहीसाठी रांग लावू लागली. आमच्या सासूबाई पार्बताबाई, ज्यांनी पंचांगापलीकडे काही उघडलं नाही, त्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला पुस्तक दाखवायच्या. माझ्या पोटात असं दुखायला लागलं की ओव्यानंही थांबेना.

खोट काढायची म्हणूनच मी ते पुस्तक वाचायला घेतलं आणि तिसऱ्या प्रकरणात ताडकन उठून बसले. उंच गडावर जादूगार राहतात. लाल अंगरख्यांचे परके मांत्रिक उत्तरेकडून चढून येतात, गर्जनामंत्रानं तट फोडतात. गडाचा रखवालदार लढता लढता दारातच पडतो. पंधरा दिवसांनी गडवाल्यांचा दोस्त राजा खालच्या गावात येऊन तह करतो. अहो, हा तर अठराशे तीनच्या पंधरा डिसेंबरला पडलेला गाविलगड! लाल अंगरखे म्हणजे इंग्रज, गर्जनामंत्र म्हणजे तोफा आणि तह म्हणजे सुर्जी-अंजनगावचाच.

अंजनगावच्या वाचनालयात तिचा सत्कार ठरला होता. जाऊ म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी दोन शब्दांऐवजी तेवीस मुद्दे लिहून काढले. घरातली धुणी गावात काहून नेऊन राहिली, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी ऐकलं नाही.

‘ह्या पुस्तकात हिचं स्वतःचं काहीच नाही,’ अशीच मी सुरुवात केली. मग लाल अंगरखे कोण, ते सांगितलं. एक टाळी पडली. मला वाटलं, माझ्या बाजूची. तह ह्याच गावात झाला म्हटल्यावर तर मागचे लोक उभेच राहिले. आपलं गाव, आणि जादूच्या पुस्तकात! मी आवाज चढवला तशा टाळ्याही चढत गेल्या. मी आरोप करत होते आणि लोक तिला हार घालत होते. तेविसावा मुद्दा संपला तेव्हा अध्यक्ष देवमन गुरुजी डोळे पुसत होते.

“जावेनं जावेचं एवढं कौतुक केलेलं म्या पहिल्यांदा पाह्यलं,” ते म्हणाले.

हे कौतुक नव्हे, आरोप आहेत, हे सांगायला मी पुन्हा माइककडं वळले, तर तो प्रणालीच्या हातात गेला होता.

“हे सारं मले ताईनंच सांगतलं,” ती म्हणाली. “दर दिवाळीत, करंज्या लाटता लाटता. बाकीच्या उठून जात, मी बसून राहो. तारखा काही ध्यानात राहिल्या नाही, म्हणून मंग जादू टाकली.”

मी कागदाची घडी करून खाली बसले. इतकी वर्षं माझं कोणीतरी ऐकत होतं, आणि नेमकी हीच!

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण पोरांनी गड पाहायचा हट्ट धरला आणि गुरुजींनी पुढच्या रविवारची बस ठरवून टाकली. माहिती सांगायला अर्थात मी.

गडावर मी शिंदे-भोसल्यांपासून सुरुवात केली. पाच मिनिटांत निम्मी पोरं गवतावर लोळत होती, उरलेली प्रणालीचा हात धरायला भांडत होती. माझा जीव पुन्हा जळायला लागला. तेवढ्यात हर्षा नावाची सहावीतली मुलगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“काकू, रखवालदाराची जादूची काठी कुठं पुरली हाय?”

काठी ही प्रणालीची एकटीची कल्पना. माझ्या तेवीस मुद्द्यांत ती नव्हती, कारण इतिहासातच नव्हती. मी तसं सरळ सांगायला हवं होतं. पण लोळणारी पोरं उठून बसली होती. चाळीस जोडी डोळे माझ्याकडं लागले होते. असं माझ्या वर्गात कधी झालं नाही हो!

बोट आपोआप समोरच्या सीताफळाच्या झाडाकडं गेलं.

“त्या झाडाखाली,” मी म्हटलं. “पंधरा डिसेंबरला.”