खांबेटे बोटीवर काय घालणार?

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे खांबेटे माझ्या भाच्याच्या लग्नाला आले, तेव्हा त्यांच्या कॉलरला मागच्या बाजूने एक चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘लग्न – लांबचे’.

ती सगळ्यात आधी वाचली माझ्या बहिणीने, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईने. तिने मला खांबाआड ओढलं. “दादा, हे तुझे शेजारी आम्हाला लांबचे समजतात? मग पहिल्या पंगतीला कसे बसले?”

मी खांबेट्यांना गाठलं. त्यांनी मानेमागे हात नेऊन चिठ्ठी चाचपली आणि जराही न गडबडता बहिणीला म्हणाले, “ताई, कार्यालय पार मांजरी गावात. मी आलो शनिवार पेठेतून, दोन बस बदलून. याला तुम्ही जवळचं म्हणता?”

मग त्यांनी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि पुन्हा श्रीखंड घेतलं.

गेली तीन वर्षं खांबेट्यांच्या प्रत्येक कपड्याला अशी चिठ्ठी आहे. काढायची ते विसरतात, त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना बरंच वाचायला मिळतं. ‘बँक.’ ‘डॉक्टर.’ ‘डॉक्टर – दातांचे.’ दातांच्या डॉक्टरांचा शर्ट लाल तपकिरी असतो, कारण त्यावर डाग पडला तरी दिसत नाही. ‘मेधाकडे – रविवार.’ मेधा ही त्यांची एकुलती एक मुलगी, हिंजवडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते. एका पांढऱ्या शर्टावर ‘कोणी गेल्यास’ असं लिहिलेलं आहे. तो घालून ते जिना उतरले की अख्खी इमारत दारात येऊन विचारते, “कोण?”

माणूस सरकारी कचेरीत आवक-जावक बघून निवृत्त झालेला. त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न एकच, “लेखी आहे का?” डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, “लेखी द्या.” मी एकदा म्हटलं, उद्या पाणी येणार नाही. “लेखी आहे का?” पाणी आलं नाही. तरी त्यांचं म्हणणं असं की, लेखी नसल्यामुळे त्यांना ते मान्य करता येत नाही.

त्यांच्या पत्नी, कुमुदवहिनी, यावर हसायच्या. आमच्या इमारतीच्या दाराला एक पाटी आहे, ‘दार ओढून घ्यावे. सांगायला इथे कोणी उभे नाही.’ ती वहिनींनी लिहिली. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पाटी आहे.

तर अशा या खांबेट्यांना मेधाने बोटीवर न्यायचं ठरवलं. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. बोट म्हणजे तरंगतं हॉटेलच. खांबेटे खूश झाले होते, असं मला वाटलं. आठवड्याने मात्र ते दुपारी चार वाजता, म्हणजे चहाच्या वेळेला अचूक, हातात एक छापील कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

“वाचा.”

कागद बोट कंपनीचा होता. पोशाखाचे नियम. पहिली संध्याकाळ, स्मार्ट कॅज्युअल. दुसरी, फॉर्मल. तिसरी, रिसॉर्ट कॅज्युअल. जेवणाच्या दालनात पोहण्याचे कपडे, बनियन आणि सपाता यांना मनाई. संध्याकाळी सहानंतर अर्ध्या विजारीलाही मनाई.

“वा, तुमच्या मनासारखं झालं,” मी म्हटलं. “सगळं लेखी आहे.”

“लेखी आहे, पण कळत नाही. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय?”

“म्हणजे नीटनेटकं, पण सहज.”

“सहज नीटनेटका कोण असतो हो? मला नीटनेटकं व्हायला चाळीस मिनिटं लागतात.”

“मग तिसऱ्या दिवसाचं बघा. रिसॉर्टला घालतात तसं.”

“म्हणजे बोटीवर असून, बोटीवर नाही असं समजून कपडे घालायचे?” त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. “आणि ही अर्धी विजार. दिवसा चालते, सहानंतर चालत नाही. सहा वाजता असं काय होतं गुडघ्यांना?”

खरं सांगायचं तर कागद दुसऱ्यांदा वाचल्यावर मलाही काही कळेनासं झालं. आयुष्यभर मी जे घालत आलो ते स्मार्ट की कॅज्युअल, असा नवाच प्रश्न पडला. बायकोला विचारलं. ती आतूनच म्हणाली, “दोन्ही नाही.”

कागदाच्या तळाशी चौकशीचा नंबर होता. खांबेट्यांनी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे एक गोड मुलगी होती.

“सर, जस्ट बी कम्फर्टेबल.”

“मी घरी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात कम्फर्टेबल असतो. चालेल?”

“नो सर.”

“मग कम्फर्टेबल कुणी व्हायचं, मी की तुम्ही?”

मुलीने “वन मिनिट” म्हटलं आणि संगीत सुरू झालं. खांबेट्यांनी ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाले, “हेही लेखी नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रशीदभाईंकडे गेलो. कोपऱ्यावरचं त्यांचं शिवणकामाचं दुकान आजोबांपासूनचं. रशीदभाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचला.

“खांबेटेसाहेब, आमच्या तीन पिढ्या कापडात गेल्या. लग्नाचं शिवलं, कोर्टाचं शिवलं, बँडवाल्यांचं शिवलं. ढगळ मागणारं गिऱ्हाईक येतं, फिट मागणारं येतं. एकाच कपड्यात दोन्ही मागणारं अजून यायचंय.”

“आलंय,” खांबेटे म्हणाले.

“मग आपण बसा, मी चहा सांगतो. दुसरं काही मला सुचत नाही.”

आता मला राहवेना. शाळेपासून मला नाटकाचं वेड, आणि असा प्रसंग आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. मी खांबेट्यांना सुचवलं, गच्चीवर रंगीत तालीम करू. शनिवारी पाच वाजता पाण्याच्या टाकीजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मी बसलो, डोक्यावर मुलीची सहलीची टोपी. मी कॅप्टन. खांबेट्यांनी एकेक वेश करून जिन्याच्या दारातून जेवणाच्या दालनात प्रवेश करायचा.

पहिल्यांदा आले ते राखाडी सफारीत. चिठ्ठी, ‘बँक’.

“स्मार्ट आहे,” मी म्हटलं. “कॅज्युअल नाही. पुढचा!”

दुसऱ्यांदा झब्बा-लेंगा. ‘मेधाकडे – रविवार’.

“कॅज्युअल आहे, स्मार्ट नाही. पुढचा!”

मग बराच वेळ कोणीच आलं नाही. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि खांबेटे बाहेर आले ते वर सफारीचा कोट आणि खाली लेंगा अशा वेशात. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

“निम्मं-निम्मं केलं,” ते गंभीरपणे म्हणाले. “वर स्मार्ट, खाली कॅज्युअल.”

समोरच्या इमारतीत जोशीबाई वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल खाली घेतला. “अहो खांबेटे, कुठे निघालात, की कुठून हाकललं?”

मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो. खांबेटे मात्र टाकीच्या कठड्यावर बसले आणि लेंग्याची चिठ्ठी बोटाने सरळ करत राहिले.

“मी जात नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे याची चिठ्ठी नाही.”

मला वाटलं हाही विनोदच. मी आणखी हसलो.

रविवारी मेधा आली ती आधी माझ्याकडे. तिचे डोळे लाल होते.

“काका, बाबा नाही म्हणतायत. उद्या दुपारपर्यंत नावं पक्की करायची आहेत. आई गेल्यापासून ते पुण्याबाहेर गेलेले नाहीत. दर वेळी काहीतरी कारण. या वेळी म्हणे कपडे! मी नवीन घेऊन देते म्हटलं तर म्हणाले, नवीन कपड्याला कुठे घालायचं ते कोण सांगणार? काका, आत्ता नाही आले तर मग ते कधीच कुठे येणार नाहीत हो. तुम्ही सांगा ना.”

गच्चीवरचं माझं हसणं मला आठवलं आणि कॅप्टनची टोपी फारच घट्ट होती असं वाटू लागलं.

मी खाली गेलो. दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर कुमुदवहिनींचा फोटो, त्याखाली खुर्चीत खांबेटे. मी म्हटलं, “चला, मी तुमचं कपाट बघतो. काहीतरी निघेल.”

तीन वर्षं चिठ्ठ्या वाचत होतो, पण कपाट आज पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्येक हँगरला एक चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला दोन टाचण्या. मी एकेक सरकवत गेलो. अगदी शेवटी, भिंतीला चिकटून, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा एक शर्ट होता. तो मी उजेडात आणला. केशरी. केशरी म्हणजे लांबून डोळ्यांत जाईल असा, आणि त्यावर ठिकठिकाणी हिरवे पोपट. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘माझ्यासमोर नको’.

मी ते दोनदा वाचलं. मग अक्षर पाहिलं. लग्नाच्या गडबडीत मजकूर वाचला होता, अक्षर कोण बघतो? पण हे ‘र’चं लांब शेपूट मी रोज जाता-येता पाहतो. खाली, दाराच्या पाटीवर.

“सगळ्या चिठ्ठ्या वहिनींच्या?”

“मग काय माझ्या?” खांबेटे म्हणाले. “मला कपड्यातलं काय कळतंय? रोज सकाळी ती पलंगावर काढून ठेवायची, मी घालायचो. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, कपाटातलं सगळं इकडे आणा. टाचण्यांची डबी उशाशी. रोज दोन-तीन कपडे व्हायचे, मग थकायची. मी म्हटलं, कशाला हे? तर म्हणाली, तुम्हाला सगळं लेखी लागतं ना.”

मी शर्टाकडे बघत राहिलो. दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

“हा मी हरिहरेश्वरला घेतला होता. माझा मी. आयुष्यात एकदाच. ती म्हणाली, हा माणूस आहे की पडदा? आणि जी हसत सुटली, एसटीत पुण्यापर्यंत हसत होती. मग नाही घातला कधी.”

“अहो, पण रिसॉर्ट कॅज्युअल म्हणजे हेच! असलेच शर्ट घालतात तिथे.”

“असेल. पण नको म्हणून लिहिलंय.”

“‘माझ्यासमोर’ नको असं लिहिलंय. आता...”

इथे मी थांबलो. पुढचं वाक्य म्हणता येईना. खांबेट्यांनीही ते माझ्याकडून ऐकायची वाट पाहिली नाही. ते हळूच म्हणाले, “ते घालायचं म्हणजे काय कबूल करायचं, ते मला कळतं हो.”

बाहेरच्या खोलीत मेधा आली असावी. तिच्या बांगडीचा आवाज झाला आणि थांबला.

मला एकदम आठवलं. आमच्याकडे भांडीवाली बोहारीण येते. कपड्यांचं गाठोडं द्या, स्टीलचं भांडं घ्या. तिच्याशी घासाघीस करण्यात कुमुदवहिनींचा हात धरणारं इमारतीत कोणी नव्हतं.

“खांबेटे, वहिनींनी जुने कपडे बोहारणीला दिले होते ना?”

“दर दिवाळीत. शेवटच्या वर्षी तर माझे अकरा शर्ट दिले. केवढा मोठा डबा आला.”

“मग हा का नाही दिला?”

खांबेट्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला. बाही उलटून पाहिली, कॉलर पाहिली. कडक इस्त्री होती. कधीच घालायचा नसलेल्या शर्टाला कोणी इस्त्री करत नाही, हे त्यांच्या बोटांना आधी कळलं असावं. ते बराच वेळ इस्त्रीच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले.

“पण हे लेखी नाही,” अखेर ते म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेधाचा एका ओळीचा निरोप आला, नावं पक्की झाली.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला माझी बेल वाजली. दारात खांबेटे. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. अंगात ‘बँक’.

“जरा तुमच्याकडे कपडे बदलू का?”

“इथे? का हो?”

“घरी ती समोर असते,” ते म्हणाले आणि आमच्या आतल्या खोलीत गेले.

बाहेर आले ते पोपटांसकट. आमच्या बैठकीचा उजेड वाढल्यासारखा झाला. खांबेटे अवघडून उभे राहिले, पहिल्यांदाच शाळेत निघालेल्या पोरासारखे. “कसा दिसतो?”

मी फार विचार न करता म्हटलं, “माणूस आहे की पडदा?”

त्यांनी मान वाकवून पोपटांकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलंच. पण मग खांबेटे हसायला लागले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी मानेमागे हात नेला, चिठ्ठी सोडवली, दोन्ही टाचण्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि चिठ्ठीची नीट घडी करून ती वरच्या खिशात, पोपटांच्या मागे घातली.

“असू द्यावी जवळ. बोटीवर कोणी विचारलं तर दाखवता येईल.”

खालून मेधाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि वरून बघत राहिलो. एक मजला उतरले. त्यांच्या घराला कुलूप होतं, दार घट्ट बंद होतं. तरीही दारासमोरून जाताना खांबेट्यांनी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली, पोपट पुरते झाकून घेतले, आणि मान खाली घालून भरभर पुढे निघून गेले.