त्र्यंबकराव साळिंदर आणि मानाचा पडदा

एका जंगलात, मुलांनो, सगळं सांडपाणी उताराने एकाच तळ्यात जायचं. हत्तींच्या आंघोळीचं, रानडुकरांच्या पंगतींचं, माकडांच्या वस्तीतलं, सगळं. तळ्याकाठच्यांनी फारच ओरडा केला, तेव्हा महाराज गव्यांनी वरच्या अंगाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं.

केंद्र म्हणजे एक मोठी टाकी. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू सोडलेले. आलेली घाण ते खायचे आणि गुटगुटीत व्हायचे. टाकीच्या टोकाला एक पडदा होता. त्याची छिद्रं इतकी बारीक, की पाणी पलीकडे जाई आणि जंतू अलीकडेच राहत. पलीकडून एक पंप ते पाणी ओढून घेई आणि तळ्यात सोडी.

या केंद्राचे व्यवस्थापक होते त्र्यंबकराव साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. लग्नाच्या पंगतीतही त्यांचं पान जरा लांबच मांडत. पण केंद्र सुरू झालं, तळं निवळलं, आणि लोक वाट वाकडी करून त्यांना नमस्कार करायला येऊ लागले.

तळ्यातली सुभद्राबाई पाणमांजर तर एक ताजा मासा घेऊन आली.

“भाऊ, माझी पिल्लं पहिल्यांदाच तळाचे खडे बघतायत हो!”

त्र्यंबकराव मासे खात नसत. पण तो मासा त्यांनी वास सुटेपर्यंत टेबलावर ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दाखवत.

पुढे काय झालं, की पाणी कमी येऊ लागलं.

त्र्यंबकरावांनी पडद्याला हात लावून पाहिला. हाताला बुळबुळीत लागलं. गुटगुटीत झालेले जंतू पडद्यावर चिकटून बसले होते. त्यांच्या अंगातून चिकटा सुटत होता, आणि त्या चिकट्यावर आणखी जंतू येऊन बसत होते. असं होणार हे पडदा बसवणाऱ्या सुतारपक्ष्याने आधीच सांगितलं होतं. अधूनमधून केंद्र बंद ठेवा, पडदा बाहेर काढा, नीट धुवा, मग पुन्हा लावा. एवढंच करायचं होतं.

त्र्यंबकराव महाराजांकडे गेले.

“महाराज, थोडे दिवस केंद्र बंद ठेवावं लागेल. पडदा तुंबलाय.”

“बंद?” महाराजांचा रवंथ थांबला. “अहो, उद्घाटनाचा मांडव अजून उतरवला नाही आपण! शेजारच्या जंगलातले पाहुणे यायचेत. पंपाचा जोर वाढवा.”

जोर वाढवला. एक दिवस पाणी धो धो आलं. त्र्यंबकरावांना वाटलं, महाराजांना कळतं बुवा! दुसऱ्या दिवशी तो चिकटा दाबला जाऊन पडद्याला असा घट्ट बसला, की पलीकडे नुसते थेंब पडू लागले.

इकडे वरून घाण येतच होती. टाकी काठोकाठ भरली. ती फुटली तर केंद्र जाईल, केंद्र गेलं तर नमस्कारही जातील. त्र्यंबकरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मागची झडप हळूच उघडली. घाण ओढ्यात गेली. आणि ओढा, मुलांनो, त्याच तळ्यात जात होता.

सुभद्राबाई पुन्हा आली. या वेळी मासा नव्हता. तोंडात धरून आणलेलं धाकटं पिल्लू तिने खाली ठेवलं.

“भाऊ, याचे डोळे बघा. उघडतच नाहीत. तळ्याला काय झालंय?”

पिल्लाचे डोळे सुजून चिकटले होते. त्याने चाचपडत हात पुढे केला, तो नेमका काट्यावर पडला, आणि ते कळवळलं.

“उद्या पंप बंद करून पडदा धुतो,” त्र्यंबकराव म्हणाले. “कोणी काही म्हणो.”

आणि ते खरंच करणार होते. पण सकाळी तपासनीस बगळेसाहेब दारात हजर. त्यांनी पडद्यापलीकडे पेला धरला आणि एका पायावर उभे राहिले. तळाशी जेमतेम घोटभर पाणी जमायला दुपार झाली.

बगळेसाहेबांनी पेला उन्हात धरला आणि त्यांची मान आणखी लांब झाली.

“वा! असं नितळ पाणी मी जन्मात पाहिलं नाही!”

यात खोटं काही नव्हतं. पडद्यातून जे निसटलं असतं, तेही आता चिकटा अडवत होता.

“पण साहेब, येतं फार थोडं,” त्र्यंबकराव चाचरत म्हणाले.

“किती येतं ते दुसरं खातं बघतं,” बगळेसाहेब म्हणाले आणि उडाले. ओढ्यावरून जाताना त्यांनी डोळे मिटले होते.

केंद्राला निर्मळ जल पुरस्कार मिळाला. महाराजांनी त्र्यंबकरावांना शाल पांघरली. ती काट्यांत अडकून फाटली, तरी टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर त्र्यंबकराव हळूच म्हणाले, “महाराज, आता तरी पडदा धुऊ का?”

“पुरस्कार मिळालेला पडदा धुवायचा?” महाराज दचकले. “म्हणजे तो घाण होता असं लोकांनी म्हणायचं?”

पडद्याभोवती कुंपण घातलं. हात लावण्यास मनाई झाली.

ओढ्याच्या काठाने वर येऊन सुभद्राबाईने उघडी झडप पाहिली. दोन्ही पिल्लांना घेऊन ती जंगल सोडून निघाली, तेव्हा त्र्यंबकराव वाटेवर आडवे गेले.

“ताई, मी सांगून पाहिलं हो महाराजांना.”

“पाहिलंत ना,” ती म्हणाली. “पण झडप काही महाराजांनी नव्हती उघडली.”

ती पिल्लांना पुढे घालून डोंगराकडे वळली. धाकटं मोठ्याची शेपटी धरून चालत होतं. त्र्यंबकरावांना चार पावलं सोबत जावंसं वाटलं. पण शेजारच्या जंगलाचे पाहुणे आले होते, आणि पडद्याची माहिती सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

तात्पर्य : मुलांनो, तुंबलेला पडदा कधीही धुऊ नये. धुतला की पाणी येतं, पाणी आलं की लोक ते पितात, आणि प्यायले की तक्रार करतात. थेंबाची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.