मागच्या सीटवरचं वजन

गाडीचे मागचे बुश आपणच बदलायचे, असं पुंजारामभाऊंनी सकाळी चहा पिता पिता ठरवलं, आणि चहा संपायच्या आत ते अर्धे मिस्त्री झालेही.

गाडी म्हणजे त्यांची अठ्ठ्याहत्तरची पांढरी अँबॅसिडर. तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. ते झिजून गेले होते, म्हणून लोखंडाला लोखंड घासायचं आणि गाडी मागून कुईऽ कुईऽ करत चालायची. तेल्हाऱ्याला भाचीच्या साक्षगंधाला ती अशीच मांडवापाशी पोचली, तेव्हा नवरीकडं पाहायचं सोडून सगळ्यांनी माना वळवल्या. भाऊंच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, त्याच दिवशी सांगून टाकलं, "इचा आवाज बंद होईल तवाच मी बसीन." आणि त्या वलगावला घरी एसटीनं परतल्या.

त्याला आता वर्ष झालं होतं. दुर्गाबाई नेहमी मागं बसत. भाऊ आरशात पाहायचे तर मागची सीट रिकामी. (आरसा दोनदा पुसूनही पाहिला. फरक पडला नाही.)

अकोल्याच्या संघपाल मिस्त्रीकडून त्यांनी नवे बुश आणले. शेवटचे नट आवळायच्या आधी फोन करा, असं संघपालनं बजावलं होतं. पण चाळीस वर्षं बैलगाडीच्या दोऱ्या आवळणाऱ्या माणसानं आवळण्यातलं काय विचारायचं? भाऊंनी गाडी जॅकवर चढवली, दोन दिवस खपले, तोंड ग्रीसनं काळं केलं आणि गाडी हवेत असतानाच सगळे नट जीव खाऊन आवळले.

जॅक काढला. गाडी मागून खाली येईचना. तोंड खाली, पाठ वर, नवी सून वाकून पाया पडते तशी उभी राहिली.

आता मात्र फोन केला. संघपाल म्हणाला, "काकाजी, बुशले पीळ पडला. नट ढिले करा, मागं दोन भरीव माणसं बसवा, गाडी आपल्या जाग्यावर बसली का मंग आवळा. नाई तं महिनाभरात फाटतीन."

घरातलं सोयाबीन मागच्या आठवड्यातच विकलं होतं, वजनाला ठेवायला एक पोतं, एक कट्टा शिल्लक नव्हता. भाऊंचे दोस्त त्यांच्यासारखेच काटकुळे, चौघं मिळून एक माणूस होईना. मग त्यांच्या मनात घरचाच विचार आला आणि ते दचकले. तीस वर्षांच्या संसारात दुर्गाबाईंसमोर 'वजन' हा शब्द त्यांनी गव्हाच्या बाबतीतसुद्धा काढला नव्हता.

त्यांनी नट ढिले केले, हात धुतले आणि घरात जाऊन हळूच म्हणाले, "गाडी झाली. चाल, रिद्धपूरले देवदर्शनाले जाऊन येऊ."

दुर्गाबाईंचं ठेवणीतलं हिरवं लुगडं निघालं. डबा भरला गेला. शेजारच्या चतुराबाईंनाही हाक गेली. (चतुराबाई दारातून तिरक्या होऊन आत आल्या, तेव्हा भाऊंना गहिवरून आलं.)

दोघी मागं बसल्या. गाडी अलगद खाली आली. भाऊ पाना घेऊन खाली शिरले.

"आता काय करून राहिले?" वरून विचारणा झाली.

"चाकाखाली गोटा आहे. काढतो."

अर्धा तास झाला तरी गोटा निघेना. चतुराबाईंनी डबा उघडला. तेवढ्यात पुढच्या सीटवर भाऊंचा मोबाइल वाजला. दुर्गाबाईंनी तो उचलला आणि बोट भलतीकडंच पडल्यामुळं संघपालचा आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"काकाजी, वजन बसवलं काय मागं? हलू देऊ नका. कमी पडलं तं आणखी एक कट्टा टाका."

खाली पाना थांबला. वर चतुराबाईंचा घास थांबला.

दुर्गाबाई सावकाश म्हणाल्या, "वजन हललं नाई, बाबू. कमी बी पडलं नाई. आणखी किती वेळ बसाचं, तेवढं सांग."

मग खिडकीतून वाकून त्या खाली बोलल्या, "आवळा आता नीट. दुसऱ्यांदा बसणार नाई मी."

भाऊंनी ते नट असे आवळले की जन्मात कुणी आवळले नसतील.

रस्ताभर गाडी चूं करेना. आरशात हिरवं लुगडं दिसत होतं. भाऊ त्याच्याकडंच जास्त पाहत होते, रस्त्याकडं कमी. दुर्गाबाईंनी मागून डब्यातला घास पुढं केला, तेव्हा राग उरला नाही, एवढं त्यांना कळलं.

रिद्धपूरला भाऊ खाली उतरले, आणि आवाज आला. कुईऽ.

त्यांचा चेहरा पडला. ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले. कुईऽ. घाबरून उठले. पुन्हा कुईऽ. शेवटी टोपी काढून ते गाडीखाली शिरायला निघाले, तेव्हा दुर्गाबाईंनी त्यांचा दंड धरला.

"गाडी नाई वाजून राहिली. तुमचे गुडघे आहेत ते."

भाऊ खाली पाहू लागले.

"संघपालले इचारा याचे बुश भेटते काय," दुर्गाबाई पदर सावरत म्हणाल्या. "वजन तं घरचंच आहे."

आणि त्या चतुराबाईंना घेऊन पुढं चालू लागल्या. मागून भाऊ, कुईऽ कुईऽ करत.