खोली नंबर नऊमधला वेटो

सगळे जिला टाचणी म्हणत तिने फळ्यावर ‘निरोप समारंभ’ असं लिहिलं आणि खडू खाली ठेवायच्या आत मागून लंबूचा आवाज आला, “वेटो.”

“फळ्याला कसला रे वेटो?”

“‘निरोप’ला. रडका शब्द आहे.”

तिने खडूचा तुकडा नेम धरून त्याच्या कपाळावर मारला. नेम चुकायचं कारणच नव्हतं. लंबूचं कपाळ पंख्यापासून वीतभर अंतरावर असायचं.

शाळेच्या लॅटिन मंडळाचं हे दुखणं दोघांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी मंडळ हाती आलं तेव्हा त्यांनी जुन्या रोमची रीत उचलली. तिथे प्रमुख दोन असायचे, म्हणजे एकट्याच्या डोक्यात हवा जायला नको. एकाने काही ठरवलं आणि दुसरा ‘वेटो’ म्हणाला, म्हणजे ‘मी मनाई करतो’, की ते तिथेच आडवं. रोमन लोकांनी या जोरावर केवढं राज्य चालवलं. या दोघांना पंधरा पोरांची एक सहल नेता आली नाही. तिला समुद्र हवा होता, त्याला डोंगर. पोरं घरी बसली.

आज मात्र दोघांची मुदत संपत होती आणि प्रकरण अंगाशी येणार होतं. मुख्याध्यापकांची चिठ्ठी दारावर चिकटवलेली होती: नव्या दोन प्रमुखांची नावं जुन्या दोघांच्या सहीनिशी पाचच्या आत आली नाहीत, तर खोली नंबर नऊ टेबल टेनिसवाल्यांना. मुख्याध्यापकांचंही बरोबर होतं म्हणा. टेबल टेनिस चषक आणतं. चषक कपाटात ठेवता येतो, पाहुण्यांना दाखवता येतो. पोरांच्या डोक्यात जे शिरलं ते कुठल्या कपाटात मांडणार? शाळेत जे फडक्याने पुसता येत नाही ते सगळं अडगळीतच जातं.

मंडळाच्या बाई कोपऱ्यात खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. आयुष्यभर लॅटिन शिकवलेल्या माणसाला घाई कसली ती नसते. समोर पोरं रोमन वेशात, म्हणजे घरच्या चादरी गुंडाळून, बसली होती. सगळ्यांत लहान मुलगी, बटण, आईची नजर चुकवून जी चादर घेऊन आली होती, तिच्या चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक होतं. ती कोबीच्या गड्ड्यासारखी दिसत होती. तिच्या शेजारी गप्पू होता. तो मंडळात आल्यापासून वर्षभरात एक अक्षर बोलला नव्हता, लॅटिनमध्येही नाही आणि मराठीतही नाही.

“आधी केक कापू,” टाचणी म्हणाली.

“वेटो. आधी भाषण.”

“तुझ्या भाषणाला माझा वेटो. मागच्या वेळी दोघं झोपले होते.”

“त्यातल्या एक बाई होत्या!”

“म्हणून काय झालं?”

मग आधी निवडणूक घ्यावी तर हात वर करून की चिठ्ठ्या टाकून, यावर दोन वेटो पडले. नाक तुटलेला प्लास्टरचा रोमन सेनापती कुणाच्या ताब्यात द्यायचा, यावर तीन. साडेचार झाले. खेळाचे सर मोजपट्टी घेऊन आले आणि कुणालाही न विचारता खोलीची लांबी मोजू लागले.

“सर, अजून अर्धा तास आहे,” टाचणी कडाडली.

“असू दे की. मी कुठे काय म्हणतोय? पाय जरा उचल.”

केकवरचं क्रीम घामाघूम झालं होतं. बटणने हात वर केला. “ताई, बहुमताने वेटो मोडता येतो का?”

“नाही. नियम आहे.”

“कुणी केला?”

“आम्ही.”

बटण गप्पूकडे वळून काहीतरी कुजबुजली. टाचणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती लंबूला खिडकीपाशी ओढत घेऊन गेली होती.

“तू हे मुद्दाम करतोयस.”

“हो.”

तो इतक्या सरळपणे कबूल झाला की ती आणखीच भडकली. “मंडळ बुडेल, गाढवा! का पण?”

लंबू खाली फाटकाकडे बघत होता. तिथे तिच्या बाबांची गाडी उभी होती, टपावर ट्रंक आणि गादी बांधलेली. “पाच वाजले की तू जाणार. तिकडे दुसऱ्या गावात तुला भांडायला शंभर मिळतील. मी इथे कुणाशी भांडू? आईशी? तिच्यापुढे माझं काय चालतंय?” मग तो तिच्याकडे वळला. “आणि तू कशाला एवढे वेटो टाकलेस? मी मोजलेत. माझ्यापेक्षा एक जास्तच आहे.”

टाचणीने बोटांवर मोजून पाहिलं. त्याचा हिशेब दोन वर्षांत पहिल्यांदाच बरोबर निघाला.

ती वळली तर खोली रिकामी. पोरं नाहीत, केक नाही. खुर्चीवर बाई नाहीत. उरले फक्त खेळाचे सर, रांगत.

“जिन्यावर गेलेत सगळे,” दारातून शिपाईमामा म्हणाले. “बाईंनी मागे शिकवलं होतं म्हणे, वरचे ऐकेनात तेव्हा रोममधली साधी माणसं गाव सोडून टेकडीवर जाऊन बसली. आपल्याकडे टेकडी नाही. मला पण केक दिला.”

दोघं धावले. जिन्यावर पंधरा चादरी, मधोमध बाई, हातात केकचा तुकडा. निवडणूक उरकली होती. बटणने कागद पुढे केला. नव्या प्रमुखांची नावं होती बटण आणि गप्पू.

“सही करा. पाचला चार मिनिटं आहेत. आणि आता वेटो म्हणालात तर मी रडेन, मोठ्याने.”

टाचणीने लंबूच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्यासाठी त्याला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. त्याने तिच्या पाठीवर ठेवून केली, जरा जास्तच वेळ लावून. शिपाईमामा कागद घेऊन कधी नव्हे ते पळत गेले. वर मोजपट्टी सर्रकन गुंडाळल्याचा आवाज आला.

फाटकातून हॉर्न वाजला.

बटणने कोपऱ्यांची इलॅस्टिकं सावरली आणि ती उभी राहिली. “पहिला ठराव. ताई आणि लंबूदादा यांना जायची परवानगी देण्यात येत आहे.”

मग तोंडातला केक सावकाश गिळून गप्पू वर्षातला पहिला शब्द बोलला.

“वेटो.”

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

“नियम म्हणजे नियम,” लंबू म्हणाला आणि सरकून त्याने पायरीवर जागा केली. टाचणी त्याच्याशेजारी बसली. तिची काही हरकत नव्हती.