सुपडूआबांची तिसरी हाक

आमचे सुपडूआबा तबकडी फेकण्याआधी तीन हाका मारतात. समोरचं मैदान लख्ख दिसत असो, त्यावर चिटपाखरू नसो, हाताचा कर्णा करून ओरडणार, "होऽऽ! कोनी हाये का तिकळे?" तिसऱ्या हाकेनंतर मान तिरकी करून ऐकत उभे राहणार. ऐकणं असं, की आतल्या खोलीत कुणी हळू बोलतंय आणि एक शब्दही चुकायला नको. नवखा माणूस हसतो. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी धुकं होतं. आबा ऐकत होते आणि कारण नसताना माझ्या मानेवर काटा आला.

खेळ साधा आहे. तबकडी फेकत फेकत लांबच्या टोपलीत पाडायची. टोपलीवर साखळ्या लोंबतात, तबकडी त्यांना आपटून खाली पडते. कमीत कमी फेकीत नऊ टोपल्या ज्याने उरकल्या तो जिंकला. याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फच म्हणा, फक्त काठी नाही, चेंडू नाही आणि श्रीमंतीही नाही. आबांच्या भाच्याने परदेशातून पाच-सहा तबकड्या आणल्या आणि इथेच विसरून गेला. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून रिटायर झालेले, हात शिवशिवत होतेच. आबांच्या गावात, असोद्यात, ट्रॅक्टर आले तशी गुरं कमी झाली आणि गोठ्यागोठ्यात दावणीच्या साखळ्या गंजत पडल्या होत्या. त्या आबांनी मागून आणल्या, बोअरच्या जुन्या पाइपांना जोडल्या आणि नाल्याकाठच्या बरड माळावर नऊ टोपल्या उभ्या केल्या. वारा सुटला की तिकडून गोठ्यासारखा आवाज येतो. गुरं मात्र एकही नाही. संध्याकाळी त्या वाटेने बायका भराभरा चालतात.

आबांना चांगली हवा आवडत नाही. आभाळ निरभ्र असलं की तोंड पाडून बसतात. "चांगल्या हवेत तं म्हैसबी खेयते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जळगावातून मी मोटारसायकलने यायचो तो बहुतेक त्यांचा फोन आल्यावर, आणि फोनवर एवढंच असायचं, "वावधन सुटलं. ये." वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ. केळीवाल्यांच्या पोटात त्या शब्दानेच गोळा येतो. सारं गाव घरात शिरून कड्या लावतं तेव्हा आबा तबकड्यांची पिशवी काखेत मारून बाहेर पडतात. गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. मीही मनातून तेच धरून चाललो होतो.

धुळ्याला देवरे सर नावाचे एक रिटायर्ड मास्तर आहेत. त्यांनाही हा नाद लागला, आणि दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव विरुद्ध धुळे असा सामना ठरला. दिवस आबांनीच धरला होता. आखाजीला आमच्याकडे घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, वर आंबा नि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आगारीच्या निखाऱ्यांत नावाने घास टाकतात. अशा सणाला हा माणूस सकाळी घरातून का पळतो, हे मला आबांच्या थोरल्या बहिणीने सांगितलं. अक्का नवरा गेल्यापासून आबांकडेच राहतात.

या दोघांचा धाकटा भाऊ दौलत. सोळा वर्षांपूर्वी वावधन सुटलं तेव्हा केळीला आधार द्यायला बागेत गेला, तो आलाच नाही. बाग आडवी झाली होती. एकेक झाड उचलून पाहिलं, विहिरीत गळ टाकले. सायकल बांधावर टेकलेली होती, माणूस नव्हता. आबा त्या दिवशी बांधापर्यंत गेले होते, धुळीत एक हाक मारली आणि घाबरून परत फिरले.

"एकच मारली रे त्यानं," अक्का म्हणाल्या. "आता जल्मभर मारून राह्यला."

घागरीवरून दर आखाजीला भांडण. अक्का म्हणायच्या, "मेला असंन तं तहानेला असंन रे! सोया वर्सं पानी नाही त्याले." आबा म्हणायचे, घागर भरली की मीच त्याला मारला. शेवटी यंदा आबांनी शब्द दिला, की सामना जिंकलो तर यंदाही घागर नाही, हरलो तर भरू. भावाचं मरण कुणी खेळावर लावतं का? पण सोळा वर्षांत दुसरा कुठला कौल त्यांना मिळाला नव्हता.

त्या सकाळी सहालाच खेळ सुरू झाला. हवा कोंडलेली होती, पान हलत नव्हतं. आठ टोपल्या होईपर्यंत आभाळ पिवळं पडलं आणि नवव्या टोपलीशी वारा असा आला, की देवरे सरांची टोपी यावलच्या दिशेने निघून गेली. भर सकाळी अंधारलं. सरांचा डाव संपला होता. आबांची एक फेक उरली होती. ती टोपलीत पडली की आबा जिंकले. तीस-पस्तीस पावलांवरची टोपली धुळीत बुडाली होती, साखळ्या मात्र स्पष्ट वाजत होत्या. आबा अशा अंतरावरून डोळे मिटून पाडतात, हे सरांनाही ठाऊक होतं.

आबांच्या हाकांपायी धुळेकरांनी एक नियम करून घेतला होता, की तिसऱ्या हाकेनंतर तीस आकडे मोजायचे, तेवढ्यात फेकली नाही तर टोपली गेली. जगात काय नियम आहे मला माहीत नाही, असोद्यात हा आहे.

आबांनी तीन हाका मारल्या. सर मोजू लागले. दहा. पंधरा. आबांचा हात मागे गेला.

आणि धुळीतून ओ आली.

"होऽ." एकदाच, खालच्या आवाजात, टोपलीच्या बाजूने. मी शपथेवर सांगतो, मी ऐकली.

"आबा, वारा शे तो! केळीस्ना पानटास्ना आवाज शे," सर त्यांच्या अहिराणीत ओरडले. मोजणं मात्र चालूच होतं. "तठे कोनीच नही. फेका ना! पंचवीस... सव्वीस..."

आबांनी तबकडी खाली ठेवली आणि सरळ धुळीत चालत गेले. तीस झाले. सर जिंकल्याचं ऐकायला धुळ्याचा एक माणूस जागेवर नव्हता, सगळे जवळच्या मंदिराच्या आडोशाला पळाले होते.

मी आबांच्या मागे गेलो. टोपलीपाशी कुणी नव्हतं. आबा वाकून चहूकडे पाहत होते, हाताने धूळ बाजूला सारत होते.

"कोनी नाही," ते म्हणाले. मग माझा दंड धरला. "पन असता, अन् मी फेकली असती, तं लागली असती ना त्याले?"

मी त्यांना धरून घराकडे नेलं.

घरी अक्का घागरीसमोर बसल्या होत्या. आगारी पेटवलेली, हातात घास. आबा पाटावर बसले. "हरलो, अक्का. भर."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "कसा हरला रे?"

मी सगळं सांगितलं. ओ सांगितली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"तू आयकली?"

"ऐकली."

घागरीत पाणी घालायला तांब्या भरून ठेवला होता. अक्कांनी तो उचलला आणि तसाच आबांपुढे धरला. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला, घागरीवरचं डांगर काढलं, विळी ओढली आणि फोडी करू लागल्या. आबा त्यांच्याकडे पाहत राहिले. पाणी पिताना ते रडायला लागले. अक्कांनी आम्हा दोघांच्या हातात फोडी दिल्या.

"खा," त्या म्हणाल्या. "दौलतले डांगर आवडे का नाही, मले याद नाही आता. आला म्हंजी इचारू."