बत्तीस टन कयाक

मोटारीच्या टपावर होडी बांधण्याचे एक शास्त्र आहे आणि ते कृष्णनाथ मास्तरांना तोंडपाठ होते. आधी टपावर जुनी वाकळ दुमडून घालावी, म्हणजे पत्रा चेपत नाही. मग होडी पालथी ठेवावी, म्हणजे तिच्या पोटात वारा भरत नाही. दोन दोर आडवे, एक नाकाकडून पुढच्या बंपरला, एक शेपटीकडून मागच्याला. शेवटी होडी हलवून पाहावी. होडीबरोबर मोटारही हलली, तर बांधणी उत्तम समजावी. मुलगा सिद्धेश दुबईला जाताना एक कयाक मागे ठेवून गेला होता. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची मासेमारीची होडी. ही साडेअकरा फूट लांब, बत्तीस किलो वजनाची आणि पिवळी. मास्तरांनी त्या शनिवारी सकाळी ती आपल्या मारुतीवर अशीच शास्त्रशुद्ध बांधली. मागे बाहेर आलेल्या टोकाला नियमाप्रमाणे लाल फडकेही लावले. ते शाळेच्या क्रीडामहोत्सवातले उरलेले निशाण होते.

हरमलच्या समुद्रावर भरती साडेअकराला होती. सुर्ल्याहून साखळी, डिचोली, पेडणे करीत तिथे वेळेवर पोचणे भाग होते, कारण प्रश्न होडीच्या अस्तित्वाचा होता. चार महिने ती परसात पत्नी विमलाबाईंच्या भाजीच्या वाफ्यावर ठाण मांडून बसली होती.

"आज एक तरी चोणक घेऊन या," विमलाबाई दारातून म्हणाल्या, "नायतर उद्या ह्याच होडीत मी तांबडी भाजी पेरतलंय. बी हाडून ठेवलंय."

"चोणक गळाला लागायला धीर लागतो."

"चार म्हयने धीरच धरलंय."

मास्तरांनी गाडी काढली.

ते खाणींच्या भरभराटीचे दिवस होते. गावचा रस्ता आणि खनिजाचा रस्ता एकच, त्यामुळे वळणावर एक तपासणी नाका बसवलेला. नाक्यावर गुरुदास होता, मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याने उठून नमस्कार केला आणि लगेच हात आडवा धरला.

"मास्तरांनू, ताडपत्री खंय?"

"ताडपत्री कशाला? होडी आहे ही."

"टपार माल आसा मां? उघडो माल रस्त्यार न्हेवक मेळना. धूळ उडता."

"होडीची धूळ उडत नाही, गुरुदास."

"तसां लेखी आसा काय?"

लेखी नव्हते. होडीची धूळ उडत नाही, हे आजवर कोणाला लिहून ठेवावेसे वाटले नव्हते. तोवर मागच्या खनिजाच्या टिप्परमधून बाबली ड्रायव्हर उतरला. माणूस दोडामार्गाकडचा आणि मदतीला तत्पर. त्याने आपली जादा ताडपत्री काढून ती हिरवी होडी नाकापासून शेपटीपर्यंत घट्ट झाकून दिली.

आता नियम असा की, झाकलेल्या मालाला चिठ्ठी लागते. गुरुदासने चिठ्ठ्यांचे बुक उघडले. मालाचा प्रकार 'लोहखनिज' आणि पोचवण्याचे ठिकाण 'जेटी' हे छापलेलेच होते. फक्त वजन लिहायचे होते.

"बत्तीस किलो," मास्तर म्हणाले.

"हंय टन छापलेले आसत."

"मग शून्य, दशांश चिन्ह, शून्य तीन दोन असे लिही."

"घरां दोनच आसत, मास्तर."

"मग कोरं सोड, बाबा. मला हरमल गाठायचंय."

गुरुदासने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत कधी न दिसलेले तेज होते. "तुमीच शिकवलात, मास्तरांनू. रकानो कोरो सोडू नये. चुकीचां लिवलां तरी अर्धो मार्क मेळता."

चौतीस वर्षे मास्तर हे अर्धे मार्क वाटत आले होते. वाटलेले सगळे आज एकदम परत येत होते. गुरुदासने वळणदार अक्षरात ३२ लिहिले आणि सही ठोकली.

चिठ्ठी मिळाल्यावर गाडी रांगेत लागते. मारुतीच्या पुढे चाळीस टिप्पर आणि मागे त्याहून जास्त. साखळीचा फाटा आला, हात दाखवून गेला, पण वळायला फट मिळाली नाही. रांग थेट वजनकाट्यावर गेली. काट्यावरच्या कारकुनाने मोटार आणि मास्तर वजा केले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तूट, एकतीस टन नऊशे अडुसष्ट किलो. वाटेत खंय उतरवलात?"

"अहो, मुळात बत्तीस किलोच होते! ताडपत्री वर करून बघा की."

"बघूचां काम नाक्याचां. नाक्याची सही आसा ही." मग तो जवळ झुकला. त्याचा आवाज मऊ झाला. "इतक्यान घाबरू नकात. कारणाच्या रकान्यात लिवा, 'ओल सुकली'. सगळे तांच लिवतत."

"एकतीस टन ओल?"

"आज ऊन बरां आसा."

दहा वाजायला आले होते. जन्मभर गणित शिकवलेल्या त्या माणसाने 'ओल सुकली' लिहिले. सही केली की सुटका होईल, असा त्याचा हिशेब होता. पण सही झाल्यामुळे माल रीतसर झाला, आणि रीतसर मालाला जेटीवाचून गती नाही.

जेटीवर सुपरवायझर गोकुळदास होते. त्यांनी दोन सह्या पाहिल्या, समाधान पावले आणि तिसरी केली. क्रेनने ताडपत्रीसकट हिरवी कयाक अलगद उचलली आणि खनिज भरलेल्या बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू पडावात, ठेवली. बरोबर साडेअकरा वाजले. भरती आली, नदी फुगली. कयाक ठरल्या वेळी पाण्यावर होती. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये फक्त एक बार्ज होती.

तेवढ्यात नमुना घेणाऱ्या माणसाने ताडपत्रीखाली हात घालून पटाशीने एक ढलपी काढली, तपासून आणली आणि जाहीर केले, "लोह शून्य टक्के."

"शाबास!" मास्तर जवळजवळ नाचलेच. "शेवटी कोणीतरी पाहिलं! होडी आहे ना ती?"

"ता माका ठावक नाय," तो म्हणाला. "लोखंड नाय, इतकांच."

गोकुळदासांनी शिक्का मारला, 'रिजेक्शन'. नाकारलेला माल जिथून आला तिथे परत जातो. पण चिठ्ठीत माल आणि गाडीत तूट, अशी नोंद बंद कशी करायची? ते मायाळू गृहस्थ होते. त्यांनी होडी धक्क्यावर उताणी ठेवून घेतली आणि लोडरची एक बादली नाकारलेली माती तिच्यात ओतली. जमेल तितकी तूट भरून निघाली. आता मारुतीचा टप हा भार पेलणार नव्हता, म्हणून बाबलीच्या टिप्परने ती घरी पोचवली.

मास्तर मागोमाग रिकाम्या मारुतीने आले. होडी पुन्हा त्याच वाफ्यावर होती, काठोकाठ मातीने भरलेली. विमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"चोणक?"

"नाही मिळाला."

विमलाबाईंनी मूठभर माती उचलून चोळून पाहिली. "निदान माती तरी स्वतः हाडलात. शेण मी घालतंय."

वीस दिवसांनी हिरव्या कयाकमध्ये तांबडी भाजी वीतभर उंच झाली. नाक्यावरून घरी जाताना गुरुदास कुंपणापाशी थांबला आणि डोकावला.

"बघलात मास्तरांनू? मी लिवलां तांच खरां झालां. झाकलेलो माल तो मातीच."

मास्तरांनी मनातल्या मनात त्याला राहिलेला अर्धा मार्क देऊन टाकला.

राहता राहिले वाचक. पहिल्या परिच्छेदात ही कयाक पिवळी होती. नाक्यापासून पुढे तीन वेळा ती हिरवी लिहिली आहे, आणि कोणी हटकले नाही. आता उलटे जाऊन तपासण्याची तसदी नको. इथवर आलात त्या अर्थी तुमचीही सही झालेली आहे. तेवढे कारण मात्र लिहा, रकाना कोरा सोडू नये. काही सुचत नसेल तर 'ओल सुकली' लिहा. सगळे तेच लिहितात.