अप्पांच्या चार कप्प्या

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून बारा मिनिटे. नांदेडमधील आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझे शेजारी गुरुलिंगअप्पा यांनी, खालून दोरीने टोपली वर ओढण्यासाठी, खिडकीबाहेरच्या लोखंडी दांड्याला चौथी कप्पी टांगली. ड्रिलच्या आवाजाने माझी झोप आणि शोधनिबंधाचा धागा, दोन्ही एकदमच तुटले.

अप्पा मूळचे उदगीरचे. आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. त्यांचा सिद्धांत साधा होता. "पालखीला चार खांदे लागले की भार वाटला जातो, बाई. कप्पीचंबी तसंच हाय."

मी पदार्थविज्ञान शिकलेली. जागेवर टांगलेली कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते, भार घटवत नाही. उलट प्रत्येक कप्पीगणिक घर्षण वाढते, हे मी आकृती काढून समजावले. सहा किलोची टोपली ओढायला आठ किलोचे बळ लागते, हे ताणकाट्यावर दाखवले. अप्पांनी काट्यालाच नावे ठेवली. "नवा हाय. मुरू द्या जरा." आणि ते पाचवी कप्पी आणायला निघाले.

माझा संयम संपला. जिने चढायला पाय धड आहेत, मग खाली जाऊन पिशवी का आणत नाही, असे मी विचारले. अप्पांनी आत पाहून आवाज उतरवला. आत त्यांच्या पत्नी, अक्का, बसल्या होत्या. संधिवाताने बोटे वाकडी झालेली, गुडघे धरलेले. दिवाळीपासून त्या खाली उतरल्या नव्हत्या.

"मी आणतोच की. मी आणलेलं ती निमूट घिती. केळीवाल्याशी भांडल्याबिगर तिचा दिवस उगवत नव्हता. आता घर लई गप झालंय."

मी दोन कप्प्या उतरवल्या. उरलेल्यांपैकी एक दांड्यालाच ठेवली, एक टोपलीच्या कडीला बांधली आणि दोरीचे टोक दांड्याला. भार आता दोरीच्या दोन पदरांत वाटला जाणार होता.

"म्हंजी खांदे दोनच," अप्पा नाराजीने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरचा केळीवाला आला. अक्कांनी टोपली सोडली, वर घेतली, आणि तशीच परत धाडली. "तुमच्या अर्धापुरात ह्याला केळी म्हणत्यात व्हय? माझी बोटं बरी ह्याच्यापरीस."

टोपली भरून पुन्हा निघाली, तेव्हा मी अक्कांच्या मुठीपाशी दोरीला ताणकाटा अडकवला. भार सहा किलो. म्हणजे काट्यावर निदान तीन हवेत, घर्षण धरून थोडे अधिकच. आकडा पाहून मला काटाच बिघडला असे वाटले. मग वर पाहिले. अक्कांच्या मागून, त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन अप्पांनी दोरी धरली होती, आणि दुसऱ्या हाताचे बोट माझ्यासाठी ओठांवर. अक्का मागे न पाहता भांडत होत्या.

मी नोंद केली: दीड किलो.